त्रेजा टीचरच्या मापाची दुर्बीण

माझ्या हातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. दिवाळीत नातवाच्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा आवाज झाला तरी मी दचकते. आणि तरीही भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात बसून मी उमेदीची जी वर्षं घालवली, त्यात माझ्या हाताखालून बंदुकीवर बसवायच्या पुष्कळ दुर्बिणी गेल्या. हे सांगितलं की नव्या ओळखीची माणसं खुर्ची जरा मागे सरकवतात. म्हणून मी लगेच सांगून टाकते, बंदुका नाहीत हो, फक्त वरची नळी.

गाळा जयंतीभाईंचा. जमीन मोजणाऱ्यांची यंत्रं, कॉलेजांचे मायक्रोस्कोप, बोटींवरच्या आणि पक्षी बघणाऱ्यांच्या दुर्बिणी, असं डोळा लावून बघायचं जे जे काही असेल ते आमच्याकडे दुरुस्तीला यायचं. आमच्या खाडीकाठच्या हवेत भिंगाला बुरशी धरायला पावसाळाच लागतो असं नाही. ती भिंगं सोडवायची, पुसायची आणि पुन्हा एका रेषेत बसवायची, हे माझं काम. लग्नानंतर गिरगाव सुटलं, भाईंदरला बिऱ्हाड झालं आणि घराजवळ काहीतरी नोकरी हवी म्हणून मी तिथे पॅकिंगला लागले होते. एकदा जयंतीभाईंच्या हातून निसटलेला मोहरीएवढा स्क्रू मी चिमट्यानं जागच्या जागी बसवून दिला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सुलभाबेन, पॅकिंग छोडो, इधर बैठो." तेव्हापासून ती खुर्ची माझी झाली.

गिऱ्हाईक मात्र आत आलं की विचारायचं, "मिस्त्री कुठेय?" मी म्हणायची, "मीच." मग ते माझ्या पाठीमागे बघायचं, तिथे कुणी दडून बसलाय का ते. पहिली काही वर्षं मला राग यायचा. पुढे पुढे गंमत वाटायला लागली आणि मी मुद्दाम जरा थांबून "मीच" म्हणायला लागले.

आमच्या मागच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. उन्हात मिठाचे ढीग इतके पांढरे दिसत की डोळे दिपायचे. त्या खिडकीसमोर, मिठागराच्या बांधावर, आगरवाल्याला विचारून मी एक खांब रोवून घेतला होता आणि त्याला एक पाटी ठोकली होती. पांढऱ्या पाटीवर काळा चौकोन, मीच रंगवलेला. खिडकीपासून मोजून पन्नास मीटरवर. दुर्बीण दुरुस्त झाली की खिडकीतल्या लाकडी खोबणीत ठेवायची आणि त्या चौकोनावर लावून बघायची. आमची प्रयोगशाळा ती एवढीच.

आता थोडं धंद्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

रायफल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लढाई येते. पण आमच्याकडे जिच्यासाठी दुर्बिणी यायच्या ती पॉइंट टू टू, म्हणजे रायफलींतलं शेंडेफळ. गोळी शेंगदाण्याएवढी. तिचा ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मधोमध नसतो, कडेच्या घडीत भरलेला असतो, म्हणून तिला रिमफायर म्हणतात. आवाज लहान आणि खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. कॉलेजातले कॅडेट शिकतात ते हिच्यावर आणि क्लबातले हौशी लोक पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडतात तीही हिनंच. मोठ्या स्पर्धांत या रायफलीवर दुर्बीण चालत नाही, नुसत्या डोळ्यानंच नेम धरावा लागतो. दुर्बिणी लावायचे ते सरावाला येणारे किंवा वय झालेले मेंबर.

वय झालं की काय होतं, ते मला बस्त्याव काकांनी शिकवलं. त्यांच्याकडे येतेच.

दुर्बीण निवडताना माणसं हमखास एकच चूक करतात, मोठी मागतात. काशीगावकडचा एक बिल्डरचा भाचा यायचा, गळ्यात साखळी, हातात दोन मोबाइल. त्याला चोवीस पट मोठं दाखवणारी हवी होती. मी त्याला ती खिडकीत हातानं धरायला लावली. चौकोन त्याच्या डोळ्यांपुढे असा नाचायला लागला की तो वैतागला. "मॅडम, ये तो खराब है!" मी म्हटलं, दुर्बीण ठणठणीत आहे, हा तुमचा हात आहे. जेवढं चित्र मोठं, तेवढी आपली थरथर मोठी, आणि प्रकाश तेवढा कमी. पन्नास मीटरवरच्या कागदाला चार पट पुरते. त्यानं शेवटी चोवीस पटीचीच घेतली. पुढे कळलं की तो गच्चीवरून स्वतःच्या मामाच्या इमारतींचे मजले मोजतो.

दुसरा घोडबंदरच्या बंगल्यातला एक गृहस्थ. त्यानं एक महागडी दुर्बीण छऱ्याच्या स्प्रिंगवाल्या बंदुकीवर बसवली होती आणि थोड्याच दिवसांत आतली नेम धरायची तारांची फुली तुटून लोंबायला लागली. "मोठ्या रायफलीवर चालणारी आहे ही, या खेळण्यावर कशी तुटली?" असा त्याचा सवाल. बिचाऱ्याचं चुकत नव्हतं. खरी बंदूक मागे धक्का देते, दुर्बिणी तो सोसायलाच बनवलेल्या असतात. स्प्रिंगची बंदूक मागे ढकलून लगेच पुढेही हिसका मारते, आणि तो उलटा हिसका भल्याभल्यांना सोसत नाही. माणसांचंही तसंच असतं, पण ते असो.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. नाकासमोर बोट धरून एकदा हा डोळा मिटा, एकदा तो मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकतं. दुर्बिणीतली फुलीही तशीच सरकते, ती ज्या अंतरासाठी जुळवलेली असते तेच अंतर नसेल तर. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. ती पॉइंट टू टूवर बसवली की डोळा केसभर हलला तरी फुली लक्ष्यावरून घसरते आणि माणूस स्वतःला शिव्या घालत बसतो. म्हणून लहान रायफलीला लहान अंतराचीच हवी. आणि शेवटची गोष्ट, डोळा भिंगापासून चार बोटांवर हवा. पुढे गेला किंवा मागे राहिला तर चित्र आक्रसतं आणि भोवती काळं कडं चढतं. फारच फरक पडला तर काळंच उरतं.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

नगरपालिकेची महानगरपालिका नुकतीच झाली होती, त्या सुमाराची गोष्ट. लोकसभेच्या निवडणुका लागल्या होत्या. एका सकाळी पांढरे केस, रुंद खांदे आणि घोरपडीसारखी लांब मान असलेले एक गृहस्थ गाळ्यात आले. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. त्यांनी मिस्त्री कुठेय असं विचारलं नाही. थेट मलाच म्हणाले, "बाय, रायफलीवरची दुर्बीन तूच बसवते ना? क्लबातल्या पोरांनी सांगितलं."

हे बस्त्याव काका, उत्तनचे. मासेमारी करणाऱ्यांच्या घरातले, पण स्वतः होड्या बांधणारे.

मी म्हटलं, "बसवते. रायफलीचं माप लागेल. क्लबात येऊन बघू का?"

"रायफल पोलीस ठान्यात हाय."

मी जरा सावध झाले. ते हसले. "तसा काय न्हाय गं. इलेक्शन हाय ना? लायसनवाल्यानं बंदूक जमा करायची असते. निकाल लागला की देतात परत."

हा नियम मला माहीत होता. निवडणूक आली की आमच्याकडे बंदुकीच्या दुर्बिणींचं काम वाढायचं, कारण बंदूक ठाण्यात आणि दुर्बीण घरी रिकामी. पण रायफल न बघता नवी दुर्बीण निवडा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. मी म्हटलं, "काका, मग निकालानंतर या. घाई काय आहे?"

"घाई हाय," ते म्हणाले. मग स्टुलावर टेकले आणि हातांकडे बघत बोलायला लागले. घरात ठरलं होतं, की या वेळी ठाण्यातली रायफल परत आणायची नाही. विकून टाकायची, लायसन संपवायचं. "डोल्यांनी दिसत न्हाय. माशी बगितली तर कागद न्हाय दिसत, कागद बगितला तर माशी जाते. ती खाच तर कवाच गेली. मंग ठेवून काय करायचा, असा चाललंय."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा. नुसत्या डोळ्यानं नेम धरायचा तर जवळची खाच, लांबची माशी आणि त्याहून लांबचा कागद, तिन्ही एका ओळीत आणि तिन्ही स्पष्ट दिसायला लागतात. तरुण डोळा या तिघांवर भराभर उड्या मारतो. म्हाताऱ्या डोळ्याला ती उडी जमत नाही, तो एकालाच धरून बसतो. दुर्बीण काय करते, फुली आणि कागद एकाच पातळीवर आणून ठेवते. डोळ्याला एकाच ठिकाणी बघावं लागतं. मोठं दाखवणं हा तिचा दुय्यम गुण आहे, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं.

"दुर्बीन लावून दाखवली, दिसला, की बंदूक परत येल," काका म्हणाले. "निकालाच्या आदी करून दे, बाय. मंग मी बगतो."

"पण माप?"

"ती बंदूक मी एवढी वर्सं बगतोय. होडी बांधनाऱ्याला माप विचारू नको. आनतो."

थोड्या दिवसांनी दुपारी गाळ्याचा फोन वाजला. नाक्यावरच्या पोलीस चौकीतून होता. निवडणुकीची नाकाबंदी चालू होती आणि उत्तनच्या बसमधून उतरलेल्या एका म्हाताऱ्याजवळ चादरीत गुंडाळलेली रायफल सापडली होती. म्हातारा आमच्या गाळ्याचं नाव सांगत होता. जयंतीभाईंचा चेहरा पिठासारखा झाला. मला म्हणाले, "सुलभाबेन, आप चलो साथ में. आप को देख के मारेंगे नहीं."

चौकीत टेबलावर ती रायफल पडली होती. लाकडाची. होडीच्या फळीच्या उरलेल्या तुकड्यातून कोरलेली, नळीसकट, घोड्यासकट. वरची दुर्बीण बसवायची खाचसुद्धा कोरलेली आणि सगळ्याला माशाचं तेल चोळून चकाकी आणलेली. हवालदार ती उचलून उलटसुलट बघत होता. "लाकडाची आहे हे मलापण दिसतंय हो," तो वैतागून म्हणाला, "पण बसमधल्या बायका ओरडल्या त्याचं काय करू?" जयंतीभाईंनी आपलं कार्ड दिलं, मी दुर्बिणीचं सगळं समजावलं, काका अगदी शांत बसून होते. शेवटी हवालदारानं विचारलं, "काका, माझ्या पोराला क्रिकेटची बॅट बनवून द्याल का?" तेव्हा आम्ही सुटलो. बॅट त्यांनी खरंच दिली.

गाळ्यात आल्यावर मी ती लाकडी रायफल हातात घेतली आणि बोटांनी चाचपत गेले. माझ्याकडे खऱ्या रायफली हाताळलेली माणसं यायची, पण कुणाला आपल्या रायफलीचा खांद्याला टेकायचा दस्ता किती उताराचा आहे ते सांगता आलं नसतं. काकांनी प्रत्येक गोलाई लक्षात ठेवली होती. दस्ता जरा आखूड होता. मी विचारलं तर म्हणाले, "तेवढाच हाय. मीच कापून दिलेला, लई वर्सांपूर्वी."

मग मी दुर्बीण निवडली. जयंतीभाईंना नवी झूमवाली खपवायची होती, पण मी कपाटातून एक जुनी, साधी, चार पट दाखवणारी काढली. पन्नास मीटरला जुळवलेली. भिंगं निर्मळ. फुलीच्या तारा ना फार बारीक, ना जाड. फार बारीक तार म्हाताऱ्या डोळ्याला सापडत नाही, जाड तार कागदावरचं केंद्रच झाकते. काकांनी लाकडी रायफल खांद्याला लावली, गाल टेकला, मी दुर्बीण मागेपुढे सरकवत गेले. "आता? आता?" "हां, हितं. अगदी स्वच्छ दिसतोय बाय, तो चौकोन!" दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्या तिथेच आवळल्या. काका एवढे खूश की जाताना जयंतीभाईंना मिठी मारली. जैन माणूस, काकांच्या शर्टाला सुक्या बोंबलाचा वास. पण जयंतीभाई हलले नाहीत.

चौथ्या की पाचव्या दिवशी काका परत आले. चादरीतली रायफल त्यांच्या काखेत होती, पण पुढे एक बाई होत्या. ठेंगण्या, ताठ, फुलाफुलांचा फ्रॉक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी काकांना हातानंच टेबलाकडे ढकललं आणि मला म्हणाल्या, "ही दुर्बीण परत घे. पैसे नकोत. यांना द्यायला लाज वाटतेय म्हणून मी आले."

"काय झालं? खराब निघाली?"

"दुर्बीण चांगली असेल. माझे डोळे गेलेत. मला यातून काळं दिसतं. नुसतं काळं." त्यांचा आवाज शाळेत हजेरी घेतल्यासारखा सरळ होता. "बरं झालं, एकदा कळलं. आता निकाल लागला की ठाण्यात जाऊन सांगायचं, परत नको."

मी काकांकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि मला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना.

"रायफल तुमची आहे?"

"मग कुणाची?" त्या म्हणाल्या. "यांना पटाकाही लावता येत नाही."

त्रेजा टीचर त्या. उत्तनच्या बाजूला शाळेत पी. टी. शिकवायच्या. कॉलेजात कॅडेट असताना रायफल धरायला शिकल्या आणि मग सोडलीच नाही. लायसन त्यांचं, क्लबाचं मेंबरपद त्यांचं. लग्नानंतर काका दर रविवारी बायकोला क्लबाच्या नेमबाजीच्या रेंजवर सोडायला जायचे आणि मागच्या बाकावर बसून राहायचे. दस्ता आखूड कापून दिला तो तिच्यासाठी. "घरात ठरलंय" असं ते जे म्हणाले होते, ते टीचरनी ठरवलं होतं. काका एकदाही खोटं बोलले नव्हते. कोण नेम धरणार ते मीच विचारलं नव्हतं. मिस्त्री कुठेय म्हणून विचारणाऱ्यांना आयुष्यभर हसत आले, आणि माझ्यासमोर पुरुष उभा राहिला तर बंदूक त्याचीच असणार हे मीही धरूनच चालले होते.

"काका, तुम्ही तरी सांगायचंत!"

"माप बंदुकीचा मागितला तू," ते बारीक आवाजात म्हणाले. "मानेचा कुटं मागितला?"

होड्या बांधणाऱ्या माणसाला सगळी मापं ठाऊक होती. पण बायकोची मान आपल्या मानेहून दोन बोटं आखूड आहे, हे त्या मापात धरायचं असतं ते त्यांच्या गावी नव्हतं. त्यांच्या लांब मानेला डोळा पुढे जात होता, म्हणून मी दुर्बीण पुढे बसवली होती. टीचरचा डोळा मागेच राहत होता.

मी म्हटलं, "टीचर, तुम्ही नेम उभ्यानं धरता की झोपून?"

"झोपून. प्रोन."

"मग झोपा."

"इथे?"

"इथेच."

मी खिडकीसमोरची दोन बाकं सरकवली, त्यांवर पॅकिंगची गोणपाटं पसरली. सत्तरीला टेकलेली ती बाई फ्रॉक सावरून बाकावर पालथी झाली आणि लाकडी रायफल खांद्याला लावली. जयंतीभाई घाईघाईनं पाठ फिरवून देव्हाऱ्यातला महावीर पुसायला लागले. तो सकाळीच पुसून झाला होता. मी कड्या सैल केल्या. टीचरचा गाल दस्त्यावर टेकला आणि खांदे, कोपर, पाय सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. माणूस खूप दिवसांनी आपल्या घरात शिरल्यावर दिवा न लावता बटणापर्यंत पोचतो, तसं. मी दुर्बीण हळूहळू मागे ओढायला लागले.

"काय दिसतंय?"

"काळं."

आणखी थोडी.

"काळं. सोड गं, उगीच."

आणखी थोडी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काका माझ्या मागे उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला खरंच भीती वाटली, की डोळे खरोखरच गेलेले असतील तर माझ्या स्क्रूनं ते परत येणार नाहीत. आणि मग ही बाई उठेल, फ्रॉक झटकेल आणि त्या माणसाला रविवारी जायला कुठलं ठिकाणच उरणार नाही.

टीचर एकदम बोलायच्या थांबल्या. मी हात थांबवला.

"ती पाटी कुणी रंगवली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"डावीकडचा खालचा कोपरा गोल आलाय. चौकोनाला कोपरे असतात."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. टीचर उठेचनात. मिठाच्या ढिगावर बगळा आहे, बांधावर कुणाचा तरी डबा राहिलाय, असं एकेक सांगत राहिल्या. मी पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि कडी आणि नळी जिथे मिळतात तिथे एक पांढरा ठिपका लावला. हा आमच्या धंद्यातला साधा उपाय. ठिपका मधून तुटला तर समजायचं की दुर्बीण जागची हलली. "टीचर, खऱ्या रायफलीवरही इथेच बसणार, या ठिपक्यावर," मी म्हटलं.

निकाल लागला. कोण निवडून आलं ते आमच्या गाळ्यात कुणी विचारलं नाही. काका सकाळीच ठाण्यात जाऊन बसले होते आणि साहेब म्हणत होते, "अहो, लायसनवाल्या बाईंनाच यावं लागेल!"

पुढच्या रविवारी मीही रेंजवर गेले. दुर्बीण ठिपक्याबरहुकूम बसवली. पहिल्या गोळ्या खाली गेल्या, मी वरचं बटण टिकटिक करत फिरवलं. मग गोळ्या एका पेढ्याएवढ्या जागेत पडायला लागल्या. टीचरनी कागद बघितला आणि "वाईट नाही" एवढंच म्हणाल्या. काका मागच्या बाकावर होते. ते कागदाकडे बघतच नव्हते, टीचरच्या पाठीकडे बघत होते. मला त्या दिवशी झाला तेवढा आनंद माझ्या कामातून पुन्हा कधी झाला नाही, हे मी आज उघडपणे सांगते.

त्यानंतर दर वर्षी पावसाळा सरला की टीचर दुर्बीण साफ करायला घेऊन यायच्या. सोबत पिशवीत सुके बोंबील, ते जयंतीभाईंच्या नजरेआड माझ्या पर्समध्ये जायचे. टीचर आल्या की पहिल्यांदा खिडकीशी जाऊन पाटी बघायच्या. मी तो कोपरा नीट रंगवला होता. मग त्या उजव्या कोपऱ्यात खोट काढायच्या.

एका वर्षी पावसाळा सरला तरी त्या आल्या नाहीत. मला वाटलं, वसईला मुलीकडे गेल्या असतील. नाताळ जवळ आला तेव्हा काका एकटेच आले. काखेत चादरीत गुंडाळलेलं ते लाकूड. काळा शर्ट बघितल्यावर मी त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. त्यांनीच सांगितलं, थोडक्यात. आजार फार दिवस चालला नव्हता.

"लायसन तिचा होता," ते म्हणाले. "ती गेली, लायसन गेला. बंदूक ठान्यात जमा केली. या टायमाला परत येनार न्हाय. दुर्बीन ठेवा म्हनाले, तिला लायसन लागत न्हाय."

चादर सोडली. लाकडी रायफल तेलानं काळी झाली होती आणि तिच्यावर दुर्बीण होती, अगदी ठिपक्यावर. खऱ्या रायफलीवरून उतरवून त्यांनी स्वतःच बसवली होती. "स्क्रू ढिला वाटतोय, बग जरा," म्हणाले. भिंग पुसून दे, असंही म्हणाले. भिंग स्वच्छ होतं.

मी स्क्रू तपासताना सहज विचारलं, "बघता का कधी यातून?"

"रोज बगतो. ओटीवर बसून. होड्या येतात त्या बगतो." मग ओशाळल्यासारखे हसले. "पन लगेच दिसत न्हाय."

अर्थातच दिसणार नव्हतं. दुर्बीण टीचरच्या मापाला बसलेली. काकांच्या लांब मानेला डोळा फार पुढे जाणार, काळंच दिसणार. मी पेचकस उचलला. "थांबा काका, दोन मिनिटांचं काम. कड्या सैल करते, दुर्बीण इंचभर पुढे घेते. तुमच्या मानेला बरोबर येईल, पूर्वी बसवली होती तशी."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. होड्या बांधलेला हात, जड.

"नको, बाय. हाय तिथंच ऱ्हाऊ दे."

"अहो, पण दिसत नाही म्हणता ना?"

"दिसते." त्यांनी लाकूड उचलून खांद्याला लावलं आणि मला दाखवलं. रुंद खांदे आत ओढले, मान आखडून घेतली, हनुवटी खाली, गाल मागे, आणखी मागे. एवढा मोठा माणूस माझ्या डोळ्यांदेखत आक्रसत गेला. मग थांबला आणि तसाच, न हलता, बोलला. "तिच्याएवडा व्हावा लागते. तिचा गाल जितं असायचा तितं गाल नेला, की दिसते."

गाळा बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. जयंतीभाई गेले. त्यांच्या मुलांना हे काम नको होतं आणि हल्ली दुर्बीण बिघडली की लोक नवी मागवतात. पाटीचा खांब कुठे गेला माहीत नाही. माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. पण दुपारी डोळे मिटून पडले की मला ती खिडकी हवी असते, मिठाचा तो पांढरा उजेड हवा असतो आणि कोपऱ्यावरून बोलणाऱ्या टीचर हव्या असतात.

त्या दिवशी मी पेचकस ठेवला नाही. काकांनी लाकूड टेबलावर ठेवल्यावर स्क्रू होते तिथेच आवळून दिले. ठिपका पुसट झाला होता. पर्समध्ये नेलपॉलिश होतंच. मी त्याच जागी नवा ठिपका लावला, आणि तो सुकेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.